निरोगी नमुना

भावाने डाव्या हाताची बाही वर सरकवली आणि लगेच खाली ओढली.

"गार वाटतंय इथं," तो म्हणाला.

ताईने हसू दाबलं. सुई दिसली की याचे हातपाय गळतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिचं स्वतःचं रक्त मघाशीच देऊन झालं होतं. पार्किन्सनने धरलेला तिचा उजवा हात मांडीवर आपला आपणच थरथरत होता. आता तुलनेसाठी सख्ख्या, निरोगी भावंडाचं रक्त हवं होतं. तिने परवाच त्याला विचारलं होतं, तेही चाचरत. "रिकामाच आहे, येतो," एवढंच तो म्हणाला होता.

"पण डॉक्टर," भाऊ वेळ काढत म्हणाला, "दुखणं हिच्या मेंदूत. मग रक्तात काय शोधताय?"

संशोधन करणारी डॉक्टर स्टूल ओढून बसली. "रक्तात आपल्या पहारेकरी पेशी असतात. जंतू दिसला की तुटून पडतात. पण काही रुग्णांत त्यांची गफलत होते, असं दिसतंय. मेंदूच्या पेशींत एक प्रथिन बिघडून साचतं. पहारेकऱ्यांना ते परकं वाटतं आणि ते घरच्यांवरच धावून जातात. दुखणं त्याने सुरू होतं की नुसतं बळावतं, तेच शोधतोय."

"म्हणजे, करायला जातात राखणच?" ताईने विचारलं.

"राखणच."

ताई खळखळून हसली. "असला एक पहारेकरी आमच्याकडेही आहे. माझ्या मागे कुणी लागलाय असं वाटून यानं एकाला तळ्यात ढकललं होतं. बिचारा माझी विसरलेली छत्री द्यायला आला होता. पुढं त्याच्याशीच लग्न केलं मी."

"भावजी अजून ऐकवतात," भाऊ पुटपुटला.

डॉक्टरही हसली, मग थांबून म्हणाली, "यातून औषध निघेलही, पण वेळ लागेल. तुमच्या उपयोगी पडेलच असं नाही."

"मागून येणाऱ्यांच्या पडेल ना? मग झालं तर," ताई म्हणाली.

ताईने थरथरत्या हाताकडे पाहिलं. जन्मभर मुलांना पोहायला शिकवून धडधाकट राहिलो, तरी हे आपल्याच वाट्याला का, म्हणून ती शरीरावर रुसून होती. तेही बिचारं राखणच करायला गेलं होतं; आज पहिल्यांदाच तिला त्या शरीराची माया आली.

तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली आणि भावाला पाहून थबकली.

"अरे वा, काका! आज पळून नाही गेलात?"

भाऊ जमिनीकडे बघू लागला.

"गेल्या महिन्यात कितीदा आले," नर्सने ताईला सांगितलं. "बहिणीसाठी रक्त द्यायचंय म्हणायचे. आत बोलावलं की गायब!"

ताई त्याच्याकडे वळली. "तुझं रक्त लागणार, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"भावजींनी. तू विचारायला संकोचशील म्हणाले."

ताईने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि आपला हात त्याच्यापुढे केला. त्याने तो मुठीत धरला, डोळे गच्च मिटले.

"झालं की, काका," जरा वेळाने नर्स म्हणाली.

त्याने मूठ सोडली नाही. ताईनेही हात सोडवून घेतला नाही.