एसटीने आलेलं जातं

शिळफाट्याला एसटी थांबली आणि आधी कंडक्टर उतरला, तोही जात्याचा वरचा दगड पोटाशी धरून. त्याच्यामागे पोशीरहून आलेल्या आमच्या सासूबाई, विठाबाई. हातात नुसता जात्याचा खुंटा.

“आजी, खालचा दगड तुमीच उतरवा आता,” कंडक्टर धापा टाकत म्हणाला.

“उतरव रं बाबा. तिकीट काढलंय त्याचं. बिचारा बसला तरी कुटं, उभ्यानंच आला ना!”

अख्खी एसटी हसली. मी मात्र कपाळाला हात लावला. कारखान्याच्या नोकरीपायी आम्ही पोशीर सोडून खोपोलीला आलो, तेव्हापासून आमच्याकडे पीठ गिरणीतून येतं. माझ्या लेकीच्या, सुजाताच्या लग्नाची हळदही बाजारातून आणायची आणि ओव्यांऐवजी कर्ण्यावर रेकॉर्डी लावायच्या, असं आमच्या ह्यांनी ठरवलं होतं. छप्पन साली धम्म घेतला, आता हे वस्तीतल्या मंडळाचे चिटणीस. आमच्या घरात जुन्या देवांचं नाव निघणार नाही, असा शब्द चारचौघांत देऊन बसलेले. आणि सासूबाईंच्या ओव्या म्हणजे देवांची जत्रा!

“आये, तुला गायाची हौस हाय, कबूल,” हे म्हणाले. “पन एक देव जरी तोंडातनं निसटला, तर मला चिटणीसपद सोडावं लागंल. लोकांना कंचं तोंड दाखवू?”

“देव मी तुज्याआदी सोडले, धर्मा. नदीत टाकाया नेले, तवा टोपली कुनाच्या डोक्यावर व्हती? ओव्या नाय सोडल्या मी. नातीची हळद मुक्यानं दळायची असंल, तर हे दोन दगड आन् मी, आल्या एसटीनं परत जातो.”

खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला आणि धास्तीही. घरात बायका जमलेल्या, दारात मंडळाची माणसं. ह्यांनी होकाराची मान हलवली, पण जीव मुठीत धरून उंबऱ्यातच उभे राहिले.

जातं घरघरलं.

“पहिली माजी ओवी गं, बाबांच्या त्या शब्दाला,
ताठ मान दिली त्यानं, सुजीच्या गं बापाला.”

“वा, विठाबाई!” दारातून आवाज आला. ह्यांचा चेहरा खुलला.

“दुसरी माजी ओवी गं, जेजुरीच्या—”

जातं थांबलं. जन्माची सवय, जीभ आपल्या वाटेने गेली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, उठतात आता सासूबाई. पण बाई कसल्या उठतात! पदराने तोंड पुसलं, मूठभर हळकुंडं जात्यात घातली आणि खुंटा पुन्हा धरला.

“चुकलं,” म्हणाल्या. “दुसरीचा मान दुसऱ्या कुनाचा हाय.”

“दुसरी माजी ओवी गं, माज्या आयच्या पायाला,
वेशीबाहेर झिजले गं, लेकरं जगवायाला.”

दारातली माणसं खाली बघू लागली. वेशीबाहेरची ती वाट ज्याच्या त्याच्या आईने तुडवलेली होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

हे आत आले. जात्याला पुरुषाने हात लावायची आमच्यात रीत नाही. पण हे आईसमोर मांडी घालून बसले आणि खुंटा धरला.

“सैल धर, नायतर दळण भरड पडंल,” सासूबाई गुरकावल्या.

“आये,” हे हळूच म्हणाले, “आजीचं नाव काय गं व्हतं?”

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. “येसू. येसूबाई. कुनी कदी इचारलंच नाय रं.”

तिसरी ओवी त्या नावाची झाली, चौथीही. तेवढ्यात कर्णेवाला कमळ्या दारातून डोकावला.

“चिटणीस, रेकॉर्ड लावू का?”

“थांब रं जरा,” हे खुंटा न सोडता म्हणाले. “येसूबाईचं चाललंय.”