काजीचा डाग

माणूस गेल्यावर सहा-सात महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी जातो. तो कशाने गेला ते घरच्यांना विचारायचं आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. पुढे दोन डॉक्टर ते कागद वाचून कारण ठरवतात आणि त्यातून देशाचे आकडे तयार होतात. मी डॉक्टर नाही. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेली सात वर्षं कणकवलीहून एसटीने गावोगाव फिरते आहे. नियम दोनच: उत्तर सुचवायचं नाही, निदान सांगायचं नाही.

काशीबाईंचं वय एकसष्ट होतं. ग्रामपंचायतीच्या नोंदीत मृत्यूचं कारण होतं, वृद्धापकाळ.

त्यांची सून किशोरी माझ्यासमोर पायरीवर बसली. मुलगा सत्यवान खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला आमच्याकडे पाठ करून नारळ सोलत होता.

"त्यांना सगळ्यात आधी कसला त्रास सुरू झाला?" मी छापील प्रश्न वाचला.

"टाचेक काळो डाग इलो," किशोरी म्हणाली. "काजीचा त्याल लागला." काजी म्हणजे काजू; त्याच्या ओल्या सालीतलं तेल कातडी जाळून काळी करतं.

"सालां खळ्यात कोणी टाकल्यानी, तां पण लिवा मॅडम," सत्यवान मागे न बघता म्हणाला.

"मी टाकलंय," किशोरी शांतपणे म्हणाली. "पावणे येवचे होते. ओले गर काढलंय आणि सालां झाडूक उशीर झालो. सासू अनवाणी चलली." मग आवाज खाली करून, "सात महिने झाले, हे माज्याशी बोलनत नाय. माज्या हातची चाय पण नको."

मी पुढचे प्रश्न विचारत गेले. डाग किती दिवस होता? दोन वर्षं. वाढला का? वाढला, कडा वाकड्यातिकड्या झाल्या, मग फुटला. काय लावलं? खोबरेल तेल, हळद, कसला कसला पाला. आणखी काही? जांघेत अवधाण आलं, लिंबाएवढी गाठ. मग अन्न जाईना. शेवटी शेवटी दम लागायचा. डॉक्टरला दाखवलं? शेवटच्या महिन्यात, दम्यासाठी. पाय कोणी बघितला नाही.

मी सगळं लिहिलं. आमच्या वार्षिक अहवालातल्या आलेखात त्वचेच्या कर्करोगाची रेषा तळाशी जवळजवळ सपाट जाते. बैठकीत कोणीतरी दरवर्षी म्हणतं, आपल्याकडे हा आजार फारसा नाहीच. मी काही बोलत नाही. असे तळपाय मी याआधी दोनदा कागदावर उतरवले होते. एकदा जळवाताच्या भेगा म्हणून, एकदा काटा म्हणून.

किशोरीने सही केली. मी पेन पिशवीत ठेवलं, कागद ठेवले. उठायचं होतं. पाय दुखत होते आणि अजून दोन घरं बाकी होती.

"मॅडम, माका खरा सांगा," ती म्हणाली. "सालां येळेर झाडलंय असतंय, तर ती वाचली असती?"

नारळ सोलायचा आवाज थांबला.

नियम माझ्या पिशवीत छापलेले होते. मी माझे हात तिच्यापुढे धरले. माझं माहेर आंबोलीच्या पायथ्याशी, तिथे आमच्या काजी आहेत.

"गो, आमचे हात दर वर्साक काळे होतत. मिरगापर्यंत साल जाता, नवी येता. काजीचो डाग दोन वर्सां रवणा नाय. ह्यो डाग काजीचो नव्हतो."

"मगे कसलो?" सत्यवान आता वळून बसला होता.

"तां डॉक्टर ठरवतले. पण सालांचो तो नाय."

त्याने हातातला नारळ खाली ठेवला. तो स्वतःच्या टाचेकडे बघत राहिला.

"आई म्हणा होती, दवाखान्यात जावया," तो म्हणाला. "मीच म्हटलंय, काजीच्या डागाक डॉक्टर कित्याक? लोक हसतले." मग त्याने विचारलं, "आदी दाखवल्यार वाचली असती?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "काय माहीत," म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"कदाचित," मी म्हणाले.

तो उठून माडांकडे चालत गेला, अनवाणी.

किशोरी माझी पिशवी घेऊन मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. वळणावर पिशवी परत देताना तिने ती क्षणभर धरून ठेवली.

"त्येंका कित्याक सांगलास?" ती म्हणाली. "माका एकटेक सांगूचा होता. माका आता सवय झाल्ली."