दाट डिंक

कारखान्यात तिला सगळे डिंकवाली म्हणत, आणि एकोणीस वर्षं तिनं हे नाव तोऱ्यात मिरवलं होतं. सूतगिरणीच्या यंत्रात धागा ज्यांतून सरकतो, त्या चिनीमातीच्या नखाएवढ्या कड्या तिथे बनत. नुसती भुकटी साच्यात कितीही दाबली तरी आकार धरत नाही, म्हणून तिच्यात पातळ डिंक मिसळायचा. भट्टीत तो जळून जातो आणि मागे टणक कडी उरते. डिंक कमी पडला तर कच्ची कडी उचलताच भुगा; जास्त झाला तर जळताना धुराला वाट मिळत नाही आणि कडी फुगून तडकते. नेमका किती घालायचा, हे डिंकवाली भुकटीची मूठ वळून सांगायची.

मग धाकटी जाऊ आली. आधी घरात, आणि वर्षभरानं कारखान्याच्या प्रयोगशाळेत. साहेबांकडे शब्द थोरलीनंच टाकला होता. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा! धाकटीनं चार महिने वजनं केली, मापं घेतली आणि किती भुकटीला किती डिंक याचा तक्ता करून मिसळणीच्या खोलीत भिंतीवर चिकटवला. तूटफूट निम्म्यावर आली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आजवर आपलं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चाललं होतं."

हे थोरलीच्या जिव्हारी लागलं. घरी तर कहरच. थोरलीचं काम काय, हे सासूबाईंनी एकोणीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता जेवताना धाकटीकडून त्यांनी सगळं समजावून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे थोरली इतकी वर्षं नुसती ढवळत होती होय?"

थोरलीचा नवरा हसला, तेही तिनं मनात नोंदवून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात डिंकाचं नवं पिंप आलं. झाकण काढून तिनं पळी बुडवून वर उचलली, तर धार तुटेचना. डिंक नेहमीपेक्षा दाट होता. पाणी घालायला हवं, नाहीतर माप कमी करायला हवं, हे तिला त्याच क्षणी कळलं. तेवढ्यात धाकटी दारात डोकावली.

"ताई, सगळं ठीक ना?"

"तुझ्या कागदावर आहे तेवढंच घालतेय."

"मग काही प्रश्नच नाही," म्हणत ती निघून गेली. थोरलीनं मापानं डिंक ओतला, एक थेंब कमी नाही की जास्त नाही.

तिसऱ्या दिवशी भट्टीवाल्यानं तबकं बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला. चार हजार कड्या, निम्म्याहून जास्त फुगलेल्या, तडकलेल्या. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीला, खरं सांगायचं तर, आतून गार गार वाटलं.

साहेबांनी पिंपातला डिंक पाहून दोघींना बोलावलं. थोरलीला विचारलं, "एवढी वर्षं हात त्यात घातलाय, डिंक दाट आहे हे तुम्हाला कळलं नाही?"

ती काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "साहेब, ताईंनी मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. चूक माझी आहे."

"चूक कबूल करायला मोठं मन लागतं," साहेब म्हणाले. "शाबास."

म्हणजे चुकीचीही शाबासकी हिलाच! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं बोलतेय ती!" ती ओरडलीच. "मी काही सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं, पण मी मुद्दाम गप्प बसले."

साहेबांनी तिला पंधरा दिवस मिसळणीवरून काढून फुटक्या कड्या निवडायला बसवलं.

बाहेर आल्यावर तिनं धाकटीला गाठलं. "तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला?"

"उपकार कसले, ताई? तक्ता केला तेव्हा तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही मी. राग येणारच." मग ती पुटपुटली, "पण चार हजार कड्या, ताई?"

पंधरा दिवस थोरली मान खाली घालून फुटक्या कड्या निवडत राहिली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आपल्या गप्प बसण्यानंच फुटल्यात, हे तिला ठाऊक होतं.

सोळाव्या दिवशी धाकटी बुडाला भोक पाडलेली एक वाटी आणि घड्याळ घेऊन मिसळणीच्या खोलीत आली. "तुम्हाला बरोबर वाटेल तसा डिंक करा. तो वाटीतून गळायला किती वेळ लागतो ते मी मोजते."

थोरलीनं पाणी घालून ढवळलं आणि पळीची धार पाहिली. "हां, घे." बावीस सेकंद. दुसऱ्यांदा केला, बावीस. तिसऱ्यांदाही बावीस.

"ताई, हे कसं काय?" धाकटी तोंडाचा आ वासून बघत राहिली.

"नुसतं ढवळून," थोरली म्हणाली. आतून तिला उकळ्या फुटत होत्या, पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही.

तक्त्यावर 'डिंक आधी वाटीनं तपासावा, बावीस सेकंद' अशी नवी ओळ चढली. खाली दोघींनी सह्या केल्या. थोरलीनं आपली वर केली, आणि जरा मोठीच.

दुपारी साहेब आले, तक्ता वाचला आणि सवयीनं धाकटीकडे वळून म्हणाले, "वा, छान."

"साहेब," थोरली हातातली पळी खाली न ठेवताच म्हणाली, "वरची सही माझी आहे."