हाताचा वास

मांत्रिक बाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो लघवीची बाटली घेऊन बसलेला. "डॉक्टर रोगाला नाव देतात, आम्ही रोगाला घालवतो," असं म्हणत बाबा लाल लघवीच्या बाटलीत दोन झाकणं मंतरलेलं पाणी ओतायचे आणि लाली बघता बघता नाहीशी व्हायची. धूप-उदाचा धूर तर इतका की शेजारचाही दिसू नये.

लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी धुणारी ती आज तिसऱ्यांदा आली होती. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीचा घसा दुखून बरा झाला, आणि दोन आठवड्यांनी लघवी लाल, फेसाळ व्हायला लागली, तोंड सुजलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मीठ सोडायला सांगितलं. बाबांनी गोळ्या बंद करायला लावल्या. बाटली साफ झालेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. जीव टांगणीला लागलेली आई आणखी काय तपासणार?

पाण्याला ओळखीचा वास यायचा, पण तो आपल्याच हातांचा, असं ती धरून चालली. ब्लीचिंग पावडरचा वास तिच्या हातांना जेवतानाही सोडत नसे.

पण लेकीचे डोळे सुजेने मिटले, म्हणून चार दिवस ती कामावर गेलीच नव्हती. आज झाकण कललं आणि तोच वास आला. तिने हात नाकाशी नेले. कसलाच वास नव्हता.

"बाबा, थोडं पाणी माझ्या रुमालावर टाका."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, माई."

तिने झाकण हिसकावलं आणि डोक्याच्या लाल रुमालावर उलटं केलं. थोड्याच वेळात तिथला रंग उडाला.

"माझ्या रुमालालाही रोग होता का हो?" तिने विचारलं. तशीच उठून तिने लेकीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ताजी लघवी काचेच्या नळीत तापवली. अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी गोठलं.

"हे प्रथिन, आणि लाल ते रक्त. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की दोन्ही बाहेर पडतात. बाटलीतला रंग घालवून गाळणी कशी दुरुस्त होईल?"

"वाचेल ना?"

"बहुतेक मुलं यातून बरी होतात. पण हिचा रक्तदाब फार चढलाय आणि दहा दिवस वाया गेलेत. आत्ताच भरती करू. वचन देत नाही."

दुसऱ्या दिवशी लेकीजवळ नवऱ्याला बसवून ती शेडच्या दारात उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला रुमाल दाखवून सांगत होती, "मी रोज रक्ताचे डाग काढते. डाग निघाला म्हणून कुणाची जखम भरलेली मी पाहिली नाही. बाटली दवाखान्यात न्या. माझ्यासारखा उशीर करू नका."

मग ती घाईने वॉर्डात परतली. लेकीची लघवी अजून लालच होती. तिने ती नीट मोजली, रंग पाहिला आणि नर्सला होता तसा सांगितला.