माझ्या पोटात मेथी

मी शुगरच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. अंग तपकिरी, झाकण पांढरं, पोटात शंभर गोळ्या. कारखान्यात माझ्यासारख्या हजारो होत्या, त्यामुळे माझ्या जन्माचं कौतुक कुणाला नव्हतं.

औषधांच्या दुकानातून मी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरी आले. गल्ली त्यांना मिनिटराव म्हणते, कारण ‘एका मिनिटात देतो’ म्हणून ते आठवडा लावतात. घरात ते आणि त्यांची बायको. बाईंच्या वडिलांचा पाय मधुमेहात कापावा लागला होता. म्हणून रोज सकाळी त्या समोर उभ्या राहायच्या, नवऱ्यानं गोळी गिळली की मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा घड्याळांच्या दुकानात एक गिऱ्हाईक त्यांना म्हणालं, "गोळ्या कसल्या खाता? माझी शुगर मेथीनंच उतरली." ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात, मिनिटरावांनी केलंही जनाचंच. बायको ऐकणार नाही हे माहीत होतं. म्हणून मेथीची पूड डिंकाच्या पाण्यात मळून, चिमट्यानं हुबेहूब माझ्या गोळ्यांसारख्या पिवळसर गोळ्या केल्या आणि माझ्यात भरल्या. खऱ्या गोळ्या दुकानाच्या खणात गेल्या. मला फार राग आला. मेथीचा नाही, ती बिचारी गुणाची. बाईंच्या डोळ्यांत धूळ फेकायला माझा उपयोग झाला, त्याचा.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. शुगर चांगलीच वाढली होती. बाई मला आणि नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेल्या.

"एक दिवस चुकू दिलेला नाही मी. ही गोळी लागू पडत नाही, डॉक्टर. डोस वाढवा."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. मिनिटराव भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. आधीची गोळी किती ताकदीची ते माझ्या चिठ्ठीवर वाचून डॉक्टरबाईंनी मला सहज उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली आणि त्या थांबल्या. बाईंनी ती उचलून नाकाशी नेली.

"मेथी," त्या म्हणाल्या.

"मेथीला माझी ना नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थोडाफार फरक पडू शकतो. दालचिनीचंही तसंच. पण गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आणि मला सांगून. आज मी डोस वाढवला असता, उद्या तुम्ही खऱ्या गोळ्या सुरू केल्या असत्या, आणि शुगर एकदम खाली गेली असती तर?"

त्याच संध्याकाळी मिनिटरावांनी खणातल्या खऱ्या गोळ्या आणून बाईंपुढे ठेवल्या.

आता माझ्यात पुन्हा खऱ्या गोळ्या आहेत. मेथी स्वयंपाकघरात उघडपणे भिजते. शुगर उतरतेय. पण मी बाईंच्या कपाटात असते. रोज सकाळी त्या एक गोळी काढतात, हुंगतात, मग नवऱ्याच्या हातावर ठेवतात.

"आता तरी विश्वास ठेव," परवा मिनिटराव म्हणाले.

"गोळीवर ठेवलाय. तुमच्यावर ठेवायला वेळ लागेल."

माझ्यात आता एकोणीस गोळ्या उरल्यात. त्यातली एक तरी बाईंनी न हुंगता द्यावी. तेवढं बघितलं, की मला खुशाल कचऱ्यात टाका.