थ्रॉटलची तार

कापसाचा बोळा तारेवरून सरकता सरकता अडकला.

सत्यवतीनं तो सोडवून घेतला आणि हलक्या हातानं पुन्हा पुढं नेला. त्याच जागी पुन्हा अडकला. दोन-चार धागे तारेला धरून लोंबत राहिले. तिनं मान वळवून बघितलं. विमानाच्या चिमुकल्या बैठकीत तिचा नवरा शालिकराम कानटोपी बांधून समोर बघत बसला होता. पुढं, पंख्यापाशी, म्हातारा राखणदार नत्थुजी उभा होता. इशारा झाला की पंखा फिरवायचं काम त्याचं.

पातूर रस्त्याच्या कडेची ही बरड जमीन एरवी शेळ्यांशिवाय कोणी तुडवत नसे. आज तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. अकोल्याहून माणसं सायकलींवर आली होती, आसपासच्या खेड्यांतून बंड्या जुंपून आली होती. आंब्याखाली खुर्च्या मांडून तहसीलदारसाहेबांना बसवलं होतं. हे सगळं उत्तमरावांनी जमवलेलं. शालिकरामचे हे थोरले भाऊ, म्हणजे सत्यवतीचे भासरे. धाकट्याचं विमान त्यांना स्वतःचंच वाटायचं आणि महिनाभर ते तालुक्यात तसं सांगत फिरले होते. आमचा शालिक उडते. शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंतच, सरकारनं परवानगीच तेवढी दिली, पण उडते.

शालिकरामचं अकोल्यात मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. विलायती मासिकातले नकाशे बघून त्यानं हे विमान गोठ्यामागं बांधलं. देवदाराच्या पट्ट्या, वर ताणून शिवलेलं कापड आणि पुढं एका मोडक्या मोटारसायकलचं इंजिन. कापड सत्यवतीनं शिवलं. पुढं तारांची देखभालही तिच्याकडेच आली, कारण इंजिनामागच्या बोळकांडीत तिचाच हात शिरायचा. थ्रॉटलची तार सगळ्यात नाजूक. ती ओढली की इंजिन जोर धरायचं, सोडली की मंदावायचं. हवेत असताना तुटली तर खेळ खलास. तिच्या पिळातला एखादा धागा तुटला तर डोळ्याला दिसत नाही, पण कापूस त्याला लगेच धरतो, हे सत्यवतीनं शोधून काढलं होतं. आधी शालिकराम हसला. मग रोज इंजिन लावायच्या आधी तिलाच हाक मारू लागला.

तिनं बोट लावून चाचपलं. तीन-चार धागे तुटलेले, आणि टोकं कशी लखलखीत. झिजलेली तार अशी नसते. झिजलेली तार काळी पडते, तिचे धागे वरखाली तुटतात. हे सगळे एका रेघेत कापलेले होते. कानशीनं.

कोणा मेल्यानं केलं हे? ती बैठकीजवळ गेली आणि हळूच म्हणाली,

"अवो, तार तुटाले आली."

"हो काय?" शालिकराम म्हणाला.

एवढंच. विमानावर माशी बसली तरी उठून बघणारा माणूस, पण तो खाली उतरला नाही. कुठं तुटली, किती तुटली, काही विचारलं नाही. पंख्याकडे बघत राहिला. मात्र त्याचे खांदे खाली आले, डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसे.

सत्यवती जागीच उभी राहिली. कोणाला त्याच्या जिवावर उठायचं असतं, तर तार नळीतून ओढून आतल्या अंगाला घासली असती. तिथं कापूस पोचत नाही. हा घाव उघड्यावर होता, बरोबर तिचा कापूस जिथून जायचा तिथं. आणि कापूस कुठून जातो हे दुनियेत दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि त्याला.

गेल्या हप्त्यात विमान नुसतं पळवून बघताना अचानक पुरुषभर वर उडालं आणि धाडकन आपटलं. चाक वाकलं. शालिकराम हसतच उतरला होता, पण त्या दिवसापासून अर्धी भाकर ताटात टाकून उठायचा. सत्यवतीनं विचारलं तर म्हणायचा, भूक नाही. तिला आता त्याचा असा संताप आला की हातातला बोळा तिनं चुरगाळून टाकला.

"शालिक, लाव ना आता!" उत्तमराव धोतराचा सोगा सावरत आले. "वारा सुटून राहिला. साहेब कधीचे बसले."

"तार खराब झाली, दादा. आज नाई जमत."

"खराब कशी होईल? परवाच त नवी टाकली तुनं." उत्तमराव वाकले. तारांतलं त्यांना फार कळत नव्हतं, पण कापसाचे धागे अजून तिथंच लोंबत होते आणि त्यांच्या खाली लोखंड चमकत होतं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "हे तुटलं नाई. हे कोणं तरी घासलं. राती इथं कोण होतं?"

सगळ्यांचे डोळे पंख्याकडे वळले. राखण नत्थुजीची होती.

"म्या काहून करीन, मालक?" नत्थुजी म्हणाला. "पहाटचा डोळा लागला माहा, खोटं नाई बोलत. पण म्या काहून करीन?"

उत्तमरावांनी त्याच्या सदऱ्याला हात घातला. तहसीलदारसाहेबांनी खुर्चीतूनच बोटानं खूण केली, तसे दोन शिपाई पुढं झाले आणि नत्थुजीच्या दंडाला धरून उभे राहिले. म्हातारा एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघू लागला.

सत्यवतीनं नवऱ्याकडे बघितलं. बोला, तिनं मनातल्या मनात म्हटलं. आता तरी बोला. शालिकरामचे ओठ नुसतेच हलले. बैठकीची कड त्यानं घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. शिपाई नत्थुजीला ओढत चालले, त्याची एक वहाण मागं राहिली.

भासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. सत्यवतीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"त्यायले सोडा. तार म्या घासली."

बायकांच्या घोळक्यातून तिची सासू गोदाबाई उठली. "काय म्हणतं वं?"

"मले भेव लागलं, आत्याबाई. विमान आपटलं तवापासून झोप नाई मले."

या भीतीतला शब्दन् शब्द खरा होता, म्हणून तिला तो न अडखळता बोलता आला. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तीही खरीच होती.

शिपायांनी नत्थुजीला सोडलं. गर्दीत कुजबुज उठली, कोणी तरी फिदीफिदी हसलं. उत्तमराव तिच्याशी बोललेच नाहीत. तिच्याकडे पाठ करून भावाला आणि मग आईला म्हणाले,

"साऱ्या तालुक्यासमोर नाक कापलं आपलं. माय, हिवरखेडची बंडी जुंपाले सांग. आज माहेरी जाईल हे. आन बोलावल्याशिवाय परत याचं नाई."

गोदाबाईनं हो म्हणून मान हलवली. तरीही सत्यवतीनं पुन्हा नवऱ्याकडे बघितलं नाही.

मागं देवदाराची पट्टी करकरली. शालिकराम खाली उतरत होता. कानटोपीची गाठ त्याला सुटेना, शेवटी त्यानं ती तशीच ओढून काढली.

"दादा, तिनं नाई. मी घासली."

उत्तमराव झपकन भावाकडे वळले.

"तू काहून घासशील?"

"मले भेव लागलं. उडाचं भेव. आज पहाटे येऊन घासली मी. तिले सापडेल हे मले माहीत होतं."

उत्तमराव त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग ते तहसीलदारसाहेबांकडे वळून हसले, अगदी अभिमानानं.

"पाहा, साहेब. बायकोले वाचवाले कसं आपल्या अंगावर घेऊन राहिला."

"मोठ्या मनाचा माणूस आहे," साहेब म्हणाले.

"खरंच सांगतो, दादा."

"बरं बरं. समजलं." उत्तमरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू म्हणतं म्हणून सोडतो तिले. ऱ्हाऊ दे घरी."

"माय, तू त ऐक," शालिकराम गोदाबाईला म्हणाला. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. लहानपणापासून असाच भोळा, असं ती शेजारणीला म्हणाली आणि डोळे पुसत बंडीकडे गेली. शालिकराम नत्थुजीची वहाण उचलून त्याच्यामागं धावला, हात जोडून म्हणाला, माझ्यामुळं झालं. नत्थुजीनं वहाण पायात घातली.

"जाऊ द्या, भाऊ," तो म्हणाला. "बाईमाणसाच्या जातीले भेव लागतेच. बोलू नका तिले."

ऊन वर आलं तशी बरड रिकामी झाली. बंड्या गेल्या, सायकली गेल्या, खुर्च्याही कोणी उचलून नेल्या. जाणाऱ्या बायकांनी सत्यवतीकडे वळून वळून बघितलं. उद्यापासून विहिरीवर काय ऐकायला मिळणार ते तिला आत्ताच कळलं होतं.

ती इंजिनाशी बसून घासलेली तार सोडवू लागली. शालिकराम येऊन शेजारी बसला.

"मले सांगता येत नव्हतं काय?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"तुलेच त सांगून राहिलो होतो."

"असं सांगतात?"

त्यानं घासलेल्या टोकावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "खरं सांगितलं त कोणालेच पटलं नाई."

"मले पटलं ना."

तिनं जुनी तार ओढून बाजूला टाकली आणि नवी घेतली. नळीचं तोंड त्याच्यापुढं केलं.

"धरा."

"आज?"

"तार टाकून ठेवू. उडाचं मंग पाहू. नाईच वाटलं त नाई."

शालिकरामनं नळी धरली. नळी त्याच्या हातात स्थिर राहीना, तारेचं टोक आत जाईना. सत्यवती थांबून राहिली.