हप्त्यावर घेतलेली लाल गाडी

रस्त्याने एखादी बुटकी लाल गाडी गेली की तुम्ही बोट दाखवून एकमेकांना हाका मारता ना, मित्रांनो, तसलीच एक गाडी मी आहे. दोन दारे, दोनच माणसांची जागा, आणि रस्त्याला जवळजवळ टेकलेले पोट. आता मी जुनी झाले आहे. माझी हकीकत फार मोठी नाही, आणि ती जितकी माझी आहे तितकीच भुवन नावाच्या एका तरुणाची आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे यंत्रांचे हात जास्त आणि माणसांचे कमी. तरी इंजिनाचा पहिला आवाज ऐकायला एक माणूस मुद्दाम जवळ येऊन उभा राहिला होता. त्याने मान हलवली तेव्हा मला फार बरे वाटले. जहाजातून मी चेन्नईला उतरले आणि बंगळूरला एका श्रीमंत घरी गेले. तिथे माझे ऑइल वेळच्या वेळी बदलले जाई. दाराला साधा ओरखडा आला तरी दुसऱ्या दिवशी तो दिसत नसे. पण बाजारात नवे मॉडेल आले आणि माझी चावी दुसऱ्याच्या हाती गेली. मग तिसऱ्याच्या. हा तिसरा मालक मला रिकाम्या हमरस्त्यावर जीव खाऊन पळवी. त्याच्या हाताखाली माझ्या तिसऱ्या गिअरला दुखणे जडले. इंजिन थंड असले तर काही कळत नसे. तास-दीड तास पळाले की मात्र गिअरबॉक्समधून कुरकुर सुरू होई. ती दुरुस्त करायला खर्च फार होता. त्याने खर्च केला नाही, मला विकून टाकले.

अशी मी म्हैसूरला, हुणसूर रस्त्यावरच्या दिगंबरच्या आवारात आले. दिगंबर जुन्या गाड्या घेई आणि विकी. त्याने मला चमकवले आणि अगदी पुढे, फाटकाजवळ उभे केले.

तिथेच भुवनने मला पाहिले. चोवीस वर्षांचा मुलगा, एका कंपनीत संगणकावर काम करणारा. स्वभावाने इतका गप्प की ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्यालाही त्याचे नाव ठाऊक नसावे. बरोबरीची मुले बंगळूरला जाऊन जास्त पगार मिळवत होती. घरी येत ती नवे जोडे, नवे फोन घेऊन. भुवन आईवडिलांपाशी राहिला होता. त्याचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, हे घरात अभिमानाने सांगितले जाई. भुवनला वाटे, आपल्याविषयी कोण काय सांगणार? काही आठवडे तो संध्याकाळी यायचा आणि फाटकाबाहेरून माझ्याकडे नुसता पाहत उभा राहायचा.

माझी किंमत अकरा लाख होती. भुवन बँकेत जाऊन आला. बँकेने सांगितले, गाडी फार जुनी आहे, एवढे कर्ज बसत नाही. तो नकार म्हणजे एक सल्लाच होता, पण भुवनला तो अपमान वाटला. दिगंबरने एका खाजगी फायनान्सवाल्याशी गाठ घालून दिली. त्याने सतरा टक्क्यांनी आठ लाख द्यायची तयारी दाखवली. उरलेल्या तीन लाखांत निम्मे भुवनच्या बचतीतले आणि निम्मे त्याची आई नागरत्ना हिच्या भिशीचे. चार वर्षे, दरमहा तेवीस हजारांचा हप्ता. भुवनचा पगार बेचाळीस हजार होता. विमा किती, टायर किती, पेट्रोल किती, बिघाड झाला तर कुठून आणायचे, हे त्याने मांडूनच पाहिले नाही. मांडले असते तर मला घेता आले नसते, आणि हे त्याला आतून कळत होते.

जामीन म्हणून सही करायला त्याचे वडील मालोजीराव आले. ते विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरीला होते. माझ्या बॉनेटवरच कागद ठेवून सह्या झाल्या, कारण दिगंबरचे टेबल भरलेले होते. कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांचे. मालोजीरावांनी चष्मा काढून विचारले, "महिन्याला किती जाणार?"

"पंधरा हजार, अप्पा," भुवन म्हणाला. बोलताना तो वडिलांकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

मालोजीरावांनी आणखी काही विचारले नाही. मुलगा सांगतो म्हणजे तसेच असणार, म्हणून त्यांनी सही केली.

मित्रांनो, पहिले काही महिने फार सुखाचे गेले. भुवन मला पहाटे चामुंडी टेकडीच्या घाटात नेई. वळणावर त्याचे हात हलके पडत. त्याला गाडीची समज होती. बैलकुप्प्याला गेलो तेव्हा तिथल्या तिबेटी मठाच्या बाहेर लहान लहान भिक्षू माझ्याभोवती जमले आणि भुवनने त्यांना आळीपाळीने आत बसवले. दसऱ्यात आयुधपूजेला नागरत्नाबाईंनी मला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि मालोजीरावांनी माझ्यासमोर कोहळा फोडला. गल्लीतली माणसे भुवनला नावाने हाक मारू लागली. तो हसून उत्तर देई. मला वाटे, या मुलाला हेच तर हवे होते.

पण गाडी नुसत्या कौतुकावर चालत नाही. आधी विम्याचा हप्ता आला. मग मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. माझ्या मापाचे टायर म्हैसुरात मिळेनात, मागवावे लागले आणि महाग पडले. गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकावर माझे पोट घासे. एके दिवशी पिरियापट्टणाहून परतताना तिसरा गिअर बोलू लागला. गॅरेजवाल्याने सांगितले, गिअरबॉक्स उघडावा लागेल, अडीच लाखांच्या खाली काम होणार नाही. एवढे पैसे भुवनकडे नव्हते. मग त्याने तात्पुरते काय करता येईल ते विचारले. जाड ऑइल घालून त्यांनी माझी कुरकुर दाबली. दुखणे तसेच राहिले.

भुवन पुन्हा ऑफिसच्या बसने जाऊ लागला. मी घरासमोर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली उभी राहू लागले. पाने, चीक, पक्ष्यांची घाण माझ्या अंगावर साचे. तरी संध्याकाळी तो येऊन माझ्यात बसे. चावी लावत नसे, कारण पेट्रोल जळले असते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडे पाहत राही. घरातून जेवायला हाक आली की मगच उठे. माझ्यासाठी राबणारा माणूस मला चालवू शकत नव्हता, याचे मला फार वाईट वाटे.

हप्ते चुकू लागले. एकदा, दोनदा, मग सलग. फायनान्सवाल्याचा माणूस भुवनला फोन करून थकला आणि थेट मालोजीरावांच्या कार्यालयात गेला. सगळ्यांसमोर त्याने विचारले की जामीन राहिलात तर पैसे कोण भरणार. त्या दिवशी मालोजीराव दुपारीच घरी आले. आत गेले नाहीत. होंगेखाली माझ्याशेजारी उभे राहिले, आणि हाताला चाळा म्हणून की काय, रुमालाने माझी काच पुसत राहिले. भुवन बसमधून उतरला तेव्हा ते तिथेच होते.

"मला पंधरा सांगितलं होतंस," ते म्हणाले.

"तेवीस होते, अप्पा."

"सुम्ने, न बघताच सही केली मी. वाचायला पाहिजे होतं."

"तुमची नाही, माझी चूक."

मालोजीराव रागावले असते तर भुवनला सोपे गेले असते. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि ते आत गेले. त्यानंतर बाप-लेकांचे बोलणे जेवणखाणापुरते राहिले. तेवीस हजारांपेक्षा त्या पंधरा हजारांचा घाव मोठा होता.

मला विकायचे ठरले. कर्जाचे सहा लाखांच्या वर देणे होते. भुवन पुन्हा दिगंबरकडे गेला. दिगंबरला माझे दुखणे आधीपासून ठाऊक होते हे आता उघड झाले, कारण त्याने शांतपणे युक्ती सांगितली: इंजिन थंड असताना दाखवायचे, रिंग रोडवर लहानशी फेरी मारायची आणि परत आणायचे. भुवनला मला घेताना मारलेली आपली स्वतःची लहानशी फेरी आठवली असावी.  पण त्याने नाही म्हटले नाही.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आले. गगन नावाचा मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला. बरोबर त्याची आई सुष्माबाई, पिरियापट्टणला शाळेत शिकवणाऱ्या. गगनने मला पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी ओळखले. फेरी झाली. मी थंड होते, मुकाट्याने चालले. सात लाखांवर बोलणे ठरले. दिगंबर गगनला कर्ज मिळवून देण्याचे सांगू लागला तेव्हा सुष्माबाईंनी त्याला थांबवून भुवनला बाजूला, माझ्या मागच्या चाकापाशी बोलावले. आपल्यासारखाच घरी मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून त्यांना विश्वास वाटला होता.

"बाळ, माझे दागिने गहाण ठेवून पैसे देणार आहे मी. याचे वडील नाहीत, हौस करणारी मीच. गाडी चांगली आहे ना? तू वापरलीस, तू सांग."

सात लाखांत भुवनचे सगळे देणे फिटत होते. वडिलांची मान सुटत होती. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द खोटाही ठरला नसता, कारण मी खरोखर चांगली गाडी आहे. भुवनने माझ्या चाकाकडे पाहिले. मग मान वर करून तो त्यांच्या डोळ्यांत पाहत बोलला.

"नका घेऊ, अम्मा. गिअरबॉक्स गेलाय हिचा. अडीच लाख लागतील. आणि तो केला तरी दरवर्षी काहीतरी निघेल. मीपण अशीच घेतली होती. माझे अप्पा अजून त्याचे भोगतायत."

सुष्माबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्या मुलाकडे गेल्या. गगनला ते पटले नाही. त्याने भुवनकडे रागाने पाहिले आणि आईची वाट न बघता फाटकाबाहेर पडला. दिगंबरने सांगितले की यापुढे या आवारात पाऊल टाकू नकोस.

भुवन मला घेऊन घरी आला. मालोजीराव ओट्यावर होते. भुवनने होते तसे सगळे सांगितले: दिगंबरची युक्ती, आपण तिला होकार दिल्याचे, सुष्माबाईंचे दागिने, सात लाख. काहीच लपवले नाही. मालोजीरावांनी ऐकून घेतले. मग त्यांनी उठून माझे डावीकडचे दार उघडले आणि ते आत बसले.

"आता विचार करू," ते म्हणाले. "पहिल्यापासून सगळं सांग. कुठं किती द्यायचं ते."

बाप-लेक अंधार पडेपर्यंत माझ्यात बसून हिशेब करत होते. जो हिशेब मला घेण्याआधी व्हायला हवा होता, तो त्या संध्याकाळी झाला.

शेवटी जयलक्ष्मीपुरमचे हयग्रीव यांनी मला घेतले. ते निवृत्त डॉक्टर, जुन्या गाड्यांचे हौशी. दुखणे ऐकूनच त्यांनी चार लाख दिले. वरचे दोन लाखांहून अधिक मालोजीरावांनी कार्यालयाच्या पतसोसायटीतून उचलून फायनान्सवाल्याचे खाते बंद केले. भुवन ते पैसे दर महिन्याला वडिलांच्या हातात देतो. कधीमधी मालोजीरावांचा रक्तदाब तपासायला दोघे डॉक्टरांकडे येतात, तेव्हा मला त्यांचे बोलणे ऐकू येते. कोणाच्या तरी लग्नाचे असते, पावसाचे असते. साधेच असते. पण थांबत नाही.

इथे मला नवा गिअरबॉक्स मिळाला. आठवड्यातून एकदा मी फिरायला जाते. मी सुखात आहे, मित्रांनो, म्हणूनच हे सांगायला धजते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कमावू लागाल, आणि माझ्यासारखी एखादी तुमच्या डोळ्यांत भरेल. आम्हाला जरूर घ्या. आम्ही उभ्या राहण्यासाठी जन्मलो नाही. पण आधी आमची भूक विचारा. हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती, सगळे मांडून जर जेवायला आणि झोपायला पुरेसे उरत असेल, तर या. उरत नसेल तर थोडे थांबा. आम्ही वाट पाहू शकतो. आणि आकडा कितीही मोठा असो, ज्याच्या सहीवर तुम्ही तो घेणार, त्याला तो खरा सांगा. माझा गिअरबॉक्स पैसे घालून बदलता आला. मालोजीरावांनी न वाचता केलेली तशी सही भुवनला मात्र पुन्हा कधी मिळणार नाही. आता ते प्रत्येक कागद वाचतात, आणि इंग्रजी अडले तर भुवन शेजारी उभा राहून ते त्यांना समजावून सांगतो.